सिंकखालचं क्रशर नुसतं गूं करतं, फिरत नाही: कारागिराला बोलवायच्या आधी काय काय बघायचं

आधी लक्षणं, कारण सिंकमधलं खरकटं बारीक करून पाण्याबरोबर खाली सोडणाऱ्या ह्या मशीनसाठी मला फोन करणारा प्रत्येक जण "क्रशर बिघडलंय" एवढंच सांगतो आणि एवढ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

बटण दाबलं आणि काहीच नाही, आवाज नाही, थरथर नाही, हा एक प्रकार. बटण दाबलं की खालून गूंऽऽ असा जड आवाज, सिंकचा पत्रा हलकासा थरथरतो, आत मात्र काही फिरत नाही आणि थोड्या सेकंदांनी आपोआप गप, हा दुसरा, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त हाच. तिसरा म्हणजे फिरतं पण डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. चौथा, मशीन मस्त फिरतं पण पाणी उतरत नाही, किंवा उतरतं ते शेजारच्या सिंकमधून वर येतं. पाचवा, ओट्याखालचं कपाट उघडलं की तळाला ओल. सहावा वास, त्याबद्दल मासे खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आणि सातवा, मशीन चालू केलं की घराची लाइटच जाते किंवा नळाला हात लावला की मुंग्या येतात. सातवा असेल तर पुढचं काही वाचू नका, कोरड्या हाताने मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा, त्यात स्वतः करण्यासारखं काही नाही.

मी कोण ते पण सांगतो. मालवणपासून थोडं आत आमचं घर, चार खोल्यांचा होमस्टे, स्वयंपाकघर एकच. फूड वेस्ट डिस्पोजर असं त्याचं खरं नाव, पण आमच्याकडे सगळे क्रशरच म्हणतात. सात वर्षांपूर्वी मुंबईच्या ताईच्या आग्रहाने बसवलं, कारण मे महिन्यात पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं रात्रभर बादलीत राहिलं की सकाळी कुत्री, कावळे, माकडं, सगळं गाव आमच्या मागच्या दारी. बसवून गेलेला माणूस परत कधी दिसला नाही, आणि सर्व्हिसवाला यायचा तर घाट उतरून कोल्हापूरहून, म्हणजे दोन-तीन दिवस गेले, आणि पाहुणे तर आज दुपारी जेवायला. त्यामुळे शिकलो. पहिलं मशीन पाच वर्षं चाललं, आता दुसरं आहे, शिवाय रत्नागिरीला भावाच्या फ्लॅटमधलं आणि वाडीतल्या दोन चाकरमान्यांच्या बंद घरातलं पण माझ्याच गळ्यात. मी इलेक्ट्रिशियन नाही, प्लंबर नाही, पण एकच बिघाड पंधरा-वीस वेळा काढला की हाताला कळायला लागतं.

आता हे चालतं कसं ते दोन मिनिटांत, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. लोकांना वाटतं आत मिक्सरसारखी पाती असतात. पाती नसतात. आत एक गोल स्टीलची चकती असते, तिच्यावर दोन जाड लोखंडी बोटं, सैल बसवलेली, आपापल्या रिव्हेटभोवती मोकळी फिरणारी. मोटार चकती फिरवते, चकतीवरचं खरकटं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, आणि भोवती जे किसणीसारखं दातेरी कडं असतं त्याच्यावर घासून बारीक होऊन पाण्याबरोबर खाली जातं. म्हणजे हे कापत नाही, आपटतं आणि किसतं. म्हणूनच छोटी आणि कडक वस्तू चकती आणि कड्याच्या फटीत पाचरीसारखी बसली की सगळं जाम, आणि काथ्यासारखी तंतूवाली वस्तू किसली न जाता गुंडाळली जाते. हे पहिल्यांदा काढलं १९२७ मध्ये जॉन हॅम्स नावाच्या अमेरिकन माणसाने, धंद्याने तो आर्किटेक्ट, विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरातला. त्याच्या घरी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणि फणस येत नसणार हे नक्की.

फुकटातल्या गोष्टी आधी

मशीनमध्ये हात घालायचा नाही. बंद असलं तरी नाही. आणि आत काहीही घालायच्या आधी, चिमटा का असेना, खालचा प्लग काढायचा. मी तर काढलेला प्लग कपाटाच्या बाहेर ओढून समोर दिसेल असा ठेवतो, कारण एकदा मी खाली डोकं घालून बसलेला असताना पोराने वरून बटण दाबलंन. प्लग काढलेला होता म्हणून आज हे लिहितोय. ज्यांच्याकडे प्लग नाही, वायर थेट भिंतीत गेलीय, त्यांनी त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, पाडायचा आणि टेस्टर लावून बघायचं.

पहिलं बघायचं ते लाइट कशी आहे. हसू नका. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या घरात एसी आणि विहिरीचे पंप एकदम चालू होतात तेव्हा आमच्याकडे २३० च्या जागी १८० व्होल्ट असतात. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे १८० ला जोर साधारण साठ टक्केच राहतो, मग जे खरकटं एरवी चुटकीसरशी गेलं असतं त्याच्यावर मशीन अडकतं आणि गूं करत बसतं. बिघाड काहीच नाही. ट्यूब नीट लागत नसेल, पंखा मरगळलेला असेल तर क्रशरला हात लावू नका, रात्री दहानंतर चालवून बघा. आणि लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर तर अजिबात चालवू नका. पावसात आमच्याकडे लाइट येते कमी आणि जाते जास्त, तेव्हा हा मोह होतो, पण साधा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर मोटार गुंगुं करते, तापते, आणि दोष मात्र क्रशरला.

दुसरं, बटण. तोच प्लग काढून त्या पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावून बघा, चार्ज होतो का. होत नसेल तर बिघाड बोर्डात आहे, मशीनमध्ये नाही. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर बारक्या मुंग्या स्विचच्या आत शिरतात आणि कॉन्टॅक्टमध्ये चिरडून बसतात, मग बटण टक करून वाजतं पण करंट पुढे जात नाही. स्विच बदलणं वायरमनचं अर्ध्या तासाचं काम. ज्यांच्या ओट्यावर हवेचं बटण आहे, म्हणजे दाबल्यावर फुस्स होतं ते, त्यांनी खालची पातळ प्लास्टिकची नळी बघा. कपाटात पातेलं कोंबताना ती नळी सुटते किंवा दुमडते. भावाच्या फ्लॅटमध्ये मी रत्नागिरीपर्यंत गाडी मारून गेलो आणि नळी परत खोचून आलो, चहा मात्र चांगला मिळाला. आणि काही मशीनना झाकण फिरवून बसवल्याशिवाय चालू न होण्याची सोय असते, तिथे झाकण पूर्ण बसलंय का ते बघायचं.

तिसरं, लाल बटण. हे नव्वद टक्के लोकांना माहीतच नसतं कारण ते मशीनच्या पार तळाला, किंवा तळाजवळ बाजूला असतं आणि दिसत नाही, बोटाने चाचपायला लागतं. मोटार अडकली की करंट कितीतरी पटीने जास्त ओढते, वाइंडिंग जळू नये म्हणून आतलं प्रोटेक्टर उडतं आणि ते लाल बटण थोडं बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं मशीन थंड होऊ द्या, मग बटण आत दाबा, टिक असं जाणवलं पाहिजे. थंड व्हायच्या आधी दाबलं तर ते बसतच नाही आणि लोक समजतात की बटण गेलं. बसलं म्हणून लगेच वरून चालू करायची घाई करू नका, कारण ते उगाच उडालेलं नाही, कशानेतरी अडकलं म्हणून उडालं, आणि ते कारण अजून आतच आहे. सारखं सारखं दाबून बघणं म्हणजे वाइंडिंगला परत परत शेकणं.

आता टॉर्च आणि चिमटा

प्लग काढलेलाच आहे ना? मग वरचं रबराचं झाकण, ते फुलाच्या पाकळ्यांसारखं चिरलेलं, बाजूला दाबून आत टॉर्च मारा. मोबाइलचा टॉर्च चालतो पण मोबाइल सांभाळा. स्वयंपाकघरातला लांब चिमटा, भाकरी शेकायचा असतो तो, एकदम बरोबर.

नाताळच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. घर फुल्ल, पुण्याचे अकरा जण, तिसऱ्यांचं सुकं केलेलं, आणि वाढणाऱ्या पोराने ताटातल्या शिंपा कचऱ्यात न टाकता सगळं ताटच सिंकमध्ये खरवडलंन. बटण दाबलं, एकदा कर्रर्र, मग गूं, मग गप. आई ओसरीवरून, "काय रे, परत गप झाला मां तां?" टॉर्च मारला तर आत मसाल्याचं लालसर पाणी, वर तेलाची साय, काही दिसेना. हा मुद्दा लक्षात ठेवा, आधी पाणी काढायला लागतं, जुना कप घेऊन उपसायचं, नाहीतर आंधळ्यासारखं चाचपत बसाल. पाणी गेल्यावर दिसलं, अर्धी शिंप, नखाएवढी, चकतीच्या कडेला उभी रुतलेली, पांढरी कड तेवढी वर. चिमट्याने धरली की सटकायची, कारण तेल. शेवटी चिमट्याच्या टोकांना दोन रबरबँड गुंडाळले, तेव्हा पकड आली आणि ती निघाली. ती निघाल्यावर चकती जराशी हलली आणि तिच्या खालून अजून एक तुकडा. म्हणजे एक निघाला की थांबायचं नाही, सगळीकडे फिरवून बघायचं. खडखडाटवाल्या तिसऱ्या प्रकारातही हेच, बहुतेक वेळा चमचा, बाटलीचं बूच, कोकमाची किंवा चिंचेची बी नाहीतर मेलं ते मुलांचं कायतरी निघतं.

काहीच सापडलं नाही तरी घाबरू नका, पुढे चला.

ॲलन की

मशीनच्या तळाला बरोबर मध्ये एक षटकोनी भोक असतं, बऱ्याच मॉडेलमध्ये असतं. त्यात पाव इंची ॲलन की बसते. बहुतेकदा मशीनबरोबरच वाकडी चावी येते, आणि बसवणारा ती बॉक्ससकट घेऊन जातो किंवा आपण टाकून देतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, महाग नसते. ६ मिलीमीटरची पण जाते पण किंचित ढिली, जोर केला तर भोकाच्या कडा गोल होतात आणि मग कायमचं बोंबला.

चावी घाला आणि थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे अशी मागेपुढे करा. एकाच दिशेला जोर लावायचा नाही, का ते ऐका, पाचर ज्या दिशेने बसलीय त्याच दिशेला ढकललं तर ती अजून घट्ट होते, उलट फिरवलं तर सुटते. आणि कुठली दिशा उलट ते आपल्याला खालून कळत नाही, म्हणून दोन्हीकडे. आधी दगडासारखं लागतं. मग एकदम केसभर हलतं. मग कट्ट असा बारीक आवाज हातात जाणवतो, कानाला नाही, आणि चावी सैल पडते. तो कट्ट आला की पूर्ण दोन-तीन फेऱ्या फिरवा, मोकळी फिरली पाहिजे, मग वरून परत टॉर्च मारून सुटलेला तुकडा काढा. तो न काढता चालू केलंत तर पाच सेकंदांत परत तिथेच.

ज्या मशीनला खाली भोक नाही त्यांना वरून लाकडी दांडा. लाटणं आखूड पडतं, झाडूचा दांडा ठीक. त्याचं टोक चकतीवरच्या लोखंडी बोटाला टेकवून बाजूला रेटायचं, तेही दोन्ही दिशांना. हातोडी नाही, पहार नाही. आमच्या शेजाऱ्याने कुदळीचा दांडा ठोकलान आणि सिंकचा जोडच हलला, मग अडकलेलं मशीन राहिलं बाजूला, गळतीच सुरू.

आणि इथे कोकणातली खास भानगड. बंद घरं. चाकरमानी शिमग्याला येऊन गेले की घर बंद ते थेट गणपतीला उघडतात. मधे पाच-सहा महिने, त्यातला सगळा पावसाळा, खारी हवा, आतली ओल. चकती आणि कड्याच्या फटीत गंज चढतो, लोखंडी बोटं रिव्हेटला चिकटतात. गणपतीच्या आदल्या दिवशी घर उघडलं, साफसफाई, सिंकचं बटण दाबलं, गूंऽऽ. मला दरवर्षी त्या दिवशी किमान दोन फोन येतात, आणि दोन्हीकडे आत अडकलेलं काहीही नसतं, नुसता गंज. इलाज तोच, आधी चावीने मोकळं करा, मग थंड पाण्याची मोठी धार सोडून मूठभर बर्फ टाकून चालवा, आवाज भयानक येतो पण बर्फाने आपटून बोटं मोकळी होतात आणि सुटा गंज निघून जातो. एक सवय लावा, घर बंद करताना नाही तर उघडल्यावर, बटण दाबायच्या आधीच चावी दोन फेऱ्या फिरवून घ्यायची. माझ्या स्वतःच्या मशीनला पण हे होतं, जून आणि जुलै मासेमारी बंद, पाहुणे नाहीत, सिंकचा वापर आमच्या चौघांपुरता. त्या दोन महिन्यांत मी एक दिवसाआड नुसतं पाण्यावर अर्धा मिनिट फिरवतो.

चावी मोकळी फिरतेय, आत काही नाही, व्होल्टेज बरोबर, लाल बटण आत, आणि तरी नुसतं गूं? मग कपॅसिटर गेला असण्याची शक्यता जास्त, आपल्याकडे त्याला कंडेन्सरच म्हणतात, मोटारीला सुरुवातीचा धक्का देतो तो. इथे माझा हात थांबतो. प्लग काढला तरी त्याच्यात चार्ज शिल्लक राहू शकतो आणि तो झटका गमतीचा नसतो. मशीन सोडवून मोटार वाइंडिंगवाल्याकडे न्या. कोल्हापूर-मुंबईला जायची गरज नाही, आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात विहिरीचे पंप वाइंडिंग करणारे बसलेत, कंडेन्सर ते दहा मिनिटांत तपासतात. फक्त सगळ्याच मशीनमध्ये कंडेन्सर नसतो, छोट्या, जोरात भिरभिरणाऱ्या मॅग्नेटवाल्या मोटारी वेगळ्या, हे त्यांनाच बघू दे.

पाणी उतरत नाही

मशीन फिरतंय पण पाणी तुंबतंय तर मशीनला शिव्या देऊ नका, गडबड पुढच्या पाइपात आहे. खाली बादली ठेवा आणि ट्रॅप, म्हणजे मशीननंतरचा पाणी धरून ठेवणारा पाइपाचा तुकडा, सोडवा, हाताने सुटतो, नाही सुटला तर पान्याला फडकं गुंडाळा म्हणजे प्लास्टिक सोलत नाही. आत काय मिळेल ते आत्ताच सांगतो, भाताची खळ आणि खोबऱ्याचा चोथा. भात बारीक होऊन फुगतो आणि पिठासारखा चिकटतो, रस काढून उरलेला नारळाचा चोथा त्याला धरून ठेवतो, वरून माशाचं थंड झालेलं तेल. गिलावा करायला इतकं चांगलं मिश्रण गवंडी पण बनवत नाही. त्यात खवल्या असल्या तर मग बघायलाच नको, त्या पाइपाच्या आतल्या बाजूला अभ्रकासारख्या चिकटतात.

आणि ट्रॅप कुठला आहे ते बघा. आपल्याकडचे प्लंबर सवयीने बॉटल ट्रॅप लावतात, तो साध्या सिंकला ठीक, क्रशरला नाही, कारण त्याच्या तळाला सगळा गाळ बसून राहतो. साधा वाकडा पी-ट्रॅप लावून घ्या. दुसरं, क्रशर लावल्यावर पाणी बाहेर पडायचं तोंड पहिल्यापेक्षा बरंच खाली येतं, आणि भिंतीतला पाइप जुन्याच उंचीवर राहिला तर पाण्याला वर चढायला लागतं. ते चढत नाही. पंधरा दिवसांनी तुंबणारं सिंक असेल तर पट्टी लावून ही उंची मोजा, ट्रॅप कितीही वेळा साफ केलात तरी हे सुटणार नाही, भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागतो.

कॉस्टिक, ॲसिडच्या बाटल्या ओतू नका. मशीनमधलं रबर आणि सील खातात, आणि तुंबलेलं सुटलं नाही तर ते ॲसिड तिथेच उभं, मग ट्रॅप सोडवणाऱ्याच्या हातावर.

ट्रॅप स्वच्छ, तरी पाणी संथ? मग घराबाहेर जा. शहरात गटार असतं, आपल्याकडे गावात शोषखड्डा नाहीतर सेप्टिक टँक. क्रशर कचरा नाहीसा करत नाही, फक्त बारीक करून पुढे पाठवतं, आणि तो पुढे जाऊन शोषखड्ड्याच्या भिंतीवर लिंपला जातो. जांभा पाणी पितो म्हणून आपल्याकडचे खड्डे चालतात, पण त्याची भोकं तेलाने आणि खळीने बुजली की पिणं बंद. न्यूयॉर्कसारख्या शहरात सुद्धा जुन्या गटारांच्या भीतीने बहुतेक भागात १९९७ पर्यंत घरात क्रशर लावायला बंदी होती, मग आमच्या आठ फुटी खड्ड्याचं काय. माझा खड्डा तिसऱ्या वर्षी बसला. तेव्हापासून भात, चोथा, तेल अजिबात नाही, आणि सेप्टिकवाल्यांनी टाकी उपसायचं नेहमीपेक्षा लवकर धरून चालायचं. खड्डा किंवा टाकी भरली असेल तर तिथे आपण उतरायचं नाही, आत जीव घेणारा वायू असतो, उपसा करणारी गाडी बोलवायची.

गळती आणि वास

गळती शोधायला सोपी युक्ती. सगळं कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा, सिंकला बूच लावून अर्धं पाणी भरा आणि त्यात चमचाभर हळद. पाणी उभं असतानाच वरून, सिंकच्या जोडावरून पिवळं झिरपलं तर वरचं सील गेलंय. मशीन खाली सोडवायचं, जुनं सिलिकॉन खरवडून नवीन भरायचं, चोवीस तास सुकू द्यायचं. प्लंबर तिथे पांढरं सिमेंट भरायला बघतील, भरू देऊ नका, मशीन थरथरतं आणि सिमेंट तडकतं. बूच काढल्यावर बाजूच्या वाकड्या पाइपाजवळ पिवळं दिसलं तर तिथला वाशर, दोन स्क्रू, स्वस्तातलं काम. पण मशीनच्या अगदी तळातून, लाल बटणाच्या आसपास थेंब पडत असतील तर आतलं सील गेलं आणि पाणी मोटारीपर्यंत पोचलं. तिथे दुरुस्ती नाही. प्लग काढा आणि परत लावू नका. माझं पहिलं मशीन असंच गेलं, मी आठ दिवस खाली वाटी ठेवून चालवलं, नवव्या दिवशी ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, उडाला, आणि तो उडाला हे माझं नशीब. ज्यांच्या घरी ३० मिलीॲम्पचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी नाही आणि अर्थिंगची पट्टी गंजून गेलीय त्यांनी क्रशरचा विचार करायच्या आधी ते करून घ्या.

वासासाठी बाजारातल्या गोळ्या वगैरे नकोत. वास येतो तो त्या रबराच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूने, तिथे बांगड्याचं तेल साठतं आणि पाणी कधी पोचत नाही. प्लग काढून पाकळ्या उलट्या करा, जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, झालं. लिंबाच्या साली नंतर टाकायच्या तर टाका. फणसाचा चीक लागला असेल तर पाणी, साबण काही चालत नाही, फडक्याला खोबरेल लावून पुसायचं, विळीला लावतो तसंच.

चालवायची रीत पण इथेच सांगून टाकतो. आधी थंड पाणी सोडायचं, मग मशीन, मग थोडं थोडं खरकटं, आणि आवाज मोकळा झाल्यावर अजून वीसेक सेकंद पाणी. गरम पाणी नको, गरमने तेल वितळून पुढे जातं आणि पाइपात गोठतं, थंड असलं की गोळी होऊन तुकड्यांनी निघून जातं. शिंपा, कालवांची कवचं, सुरमईचा मणका, शेवग्याचा चोथा, केळीचं पान, नारळाच्या सोडणाचे धागे, आंब्याची बाठ, ह्यातलं काही नाही.

बदलायचंच असेल तर

दहा-बारा हजारांच्या पुढची वस्तू आहे, म्हणून हिशोब सरळ ठेवा. तळातून गळती, आतला पत्रा गंजून भोक, किंवा मोटार जळल्याचा वास, ह्या तिन्हीत पैसे घालू नका, नवीन घ्या. जुन्याच कंपनीचं घेतलंत तर बरेचदा सिंकचा वरचा जोड तोच चालतो आणि अर्धं काम वाचतं. दुसरं घेणार असाल तर सिंकचं भोक मोजा, बहुतेक मशीनना साडेतीन इंच, म्हणजे ९० मिलीमीटर लागतं आणि आपल्याकडची बरीच सिंकं त्यापेक्षा मोठ्या किंवा लहान भोकाची असतात. स्टीलला भोक वाढवून मिळतं, ग्रॅनाइटच्या सिंकला तो प्रयोग करू नका. आतलं कडं, चकती स्टेनलेसचीच पाहिजेत, आपल्या हवेत दुसरं टिकत नाही. माशाच्या घराला अर्धा हॉर्सपॉवर कमी पडतो, पाऊण घ्या.

अमेरिकेतला भाचा "तिकडे स्वस्त मिळतं, आणतो" म्हणाला तर नको म्हणा. तिकडचं १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं, इकडे सरळ लावलं तर धूर, आणि ट्रान्सफॉर्मर लावलात तरी आपल्या ५० हर्ट्झवर ते हळू फिरतं आणि तापतं.

बसवताना दोघं जण पाहिजेत. मशीन पाच-सात किलोचं असतं, उताणं पडून एका हाताने धरून दुसऱ्याने कडं फिरवणं जमत नाही, मी खाली रंगाचा डबा आणि त्यावर दोन पाट रचतो, मशीन त्याच्यावर टेकवतो, मग कड्याचे तिन्ही कान खाचेत बसवून फिरवतो. डिशवॉशर जोडायचा नसेल तर बाजूच्या छोट्या तोंडातला प्लास्टिकचा पडदा फोडू नका, जोडायचा असेल तर फोडायला विसरू नका. वायरिंग नवीन ओढायचं असेल तर ते काम वायरमनचंच, प्लग लावण्यापलीकडे मी जात नाही.

लाल बटण एका दिवसात तिसऱ्यांदा उडालं, चावी दोन्हीकडे जराही हलत नाही, तळातून पाणी, जळका वास, ईएलसीबी उडणं, अंगाला मुंग्या, ह्यातलं एक जरी असलं तरी थांबायचं आणि माणूस बोलवायचा, दोन दिवस लागले तरी चालतील. तोपर्यंत आईची पद्धत आहेच. तिने सात वर्षांत त्या बटणाला एकदाही हात लावला नाही, माशाची डोकी आणि खवल्या अजून माडाच्या आळ्यात पुरते आणि मला ऐकवते, "माका नको तुझां मशीन, माझो माड बरो." त्या माडाला नारळ पण दिसतात चांगले.

आणि ॲलन की सिंकखालच्या पाइपालाच सुतळीने बांधून ठेवा. आमची दोनदा पोरांनी सायकलला नेली आणि दोन्ही वेळा ती सापडली ते घरात पाहुणे नसताना.